विश्लेषण : घोडेगावात डिजिटल रेडिओ का अडखळतो? नवा अँटेना घ्यावा की आधी घरातील खरखर थांबवावी?

कांदा काढून वावरात पडलेला असताना अवकाळी पावसाचा इशारा वेळेवर कळणे किती महत्त्वाचे असते, हे नेवासा तालुक्यातील घोडेगावकरांना वेगळे सांगायला नको. असा इशारा आता मोबाइलवर येतो. मात्र वादळात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइल निरुपयोगी ठरतो. दूरच्या प्रक्षेपकावरून येणारा रेडिओ अशा वेळीही चालू राहू शकतो. आकाशवाणीने मध्यम लहरींवर डिजिटल प्रसारण सुरू केल्याने खरखरीविना आवाज मिळण्याची सोय झाली. तरीही अनेक घरांत डिजिटल संच आणल्यावर आवाज तुटतो किंवा येतच नाही. मग महागड्या अँटेनाचा शोध सुरू होतो. पण दोष बहुतेक वेळा अँटेनात नसून घरातच असतो.

डिजिटल रेडिओ म्हणजे नेमके काय?

भारतात आकाशवाणीने ‘डिजिटल रेडिओ माँडियल’ म्हणजेच डीआरएम हे तंत्र स्वीकारले आहे. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीजवळील खामपूर येथून लघुलहरींवर त्याचे नियमित प्रसारण सुरू झाले. पुढे देशभरातील मध्यम लहरींचे पस्तीसच्या आसपास प्रक्षेपक डिजिटल प्रसारणासाठी सज्ज करण्यात आले. या तंत्रात आवाज आकड्यांच्या रूपात अनेक बारीक उपलहरींवर विभागून पाठवला जातो. साधारण १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकाहून अधिक कार्यक्रम आणि सोबत मजकूरही पाठवता येतो. आपत्तीच्या वेळी इशारा देण्याची सोयही या तंत्रात आहे. त्यासाठी डीआरएम संच लागतो, साध्या ट्रान्झिस्टरवर हे प्रसारण नुसत्या घरघरीसारखे ऐकू येते. मारुती सुझुकी, ह्युंदाई, महिंद्र यांच्या अनेक मोटारींत मात्र हा संच कारखान्यातूनच बसवून येतो.

घोडेगावात कोणते केंद्र मिळू शकते?

डिजिटलसाठी सज्ज केलेल्या केंद्रांत मुंबई आणि पुणे या दोन्हींचा समावेश होता. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर असून त्याचा प्रक्षेपक १०० किलोवॅटचा आहे. घोडेगावापासून पुणे सरळ रेषेत साधारण १४० किलोमीटर, तर मुंबई २१५ किलोमीटर आहे. पुणे नैर्ऋत्येला येते, मुंबई जवळपास पश्चिमेला.

मध्यम लहरी जमिनीला धरून प्रवास करतात, त्यामुळे मधल्या टेकड्या आणि पठार त्यांना एफएमइतके अडवत नाहीत. ओली काळी जमीन या लहरींना चांगली साथ देते, कोरडी खडकाळ जमीन कमी. त्यामुळे दिवसा पुण्याची लहर नेवासा तालुक्यापर्यंत पोहोचणे अवघड नाही. मात्र बहुतेक केंद्रांवर एकाच प्रक्षेपकातून जुने आणि डिजिटल असे दोन्ही प्रसारण शेजारी शेजारी होते आणि त्यात डिजिटलच्या वाट्याला कमी शक्ती येते. म्हणून ट्रान्झिस्टरवर पुणे खणखणीत ऐकू येते, तिथेच डिजिटल संच अडखळू शकतो. शिवाय प्रसारणाच्या वेळा आणि केंद्रे बदलत असतात. संचासाठी पैसे मोजण्यापूर्वी डिजिटल प्रसारण कोणत्या वेळी सुरू असते, याची आकाशवाणी केंद्राकडे खात्री करून घेणे शहाणपणाचे.

सोपी चाचणी म्हणजे मोटार. गावात कोणाच्या गाडीत डीआरएम असेल, तर ती वस्तीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या वावराच्या कडेला उभी करून इंजिन बंद करून रेडिओ लावावा. तिथे डिजिटल आवाज स्थिर असेल तर लहर गावापर्यंत येते, हे सिद्ध झाले. मग घरात आवाज तुटत असेल तर कारण घरात शोधायचे.

‘थोडेफार ऐकू येते’ असे डिजिटलमध्ये का नसते?

जुन्या रेडिओवर लहर कमजोर झाली की खरखर वाढते, पण बातम्या समजतात. डिजिटलमध्ये तसे होत नाही. पुरेशी स्वच्छ लहर मिळाली तर आवाज पूर्ण स्वच्छ येतो. ती पातळी थोडी जरी खाली गेली तरी आवाज तुटू लागतो आणि मग थेट शांतता पसरते. ठरावीक ध्वनिदर्जासाठी साधारण १५ डेसिबल इतका फरक लहर आणि गोंगाट यांच्यात असावा लागतो. म्हणजे केंद्राच्या लहरीची शक्ती आसपासच्या विद्युत गोंगाटाच्या तीसपट असायला हवी.

यातील गोम अशी की, हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. लहर वाढवली तरी तो सुधारतो आणि गोंगाट कमी केला तरीही सुधारतो. पुण्याचा प्रक्षेपक श्रोत्याच्या हातात नाही, घरातील गोंगाट मात्र आहे. काठावर असलेल्या घरात तीन-चार डेसिबलचा फरकही शांतता आणि स्पष्ट बातम्या यांतील फरक ठरतो.

हा गोंगाट येतो कुठून?

एलईडी दिव्यांतील स्वस्त सर्किट, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, वाय-फाय राउटरचा अडॅप्टर ही घरातील नेहमीची ठिकाणे. शेतात सौरपंपाचा कंट्रोलर आणि रानडुकरांपासून पिके वाचवण्यासाठी लावलेली झटका मशीन यांचाही उपद्रव होतो. झटका मशीनचा ठोका जुन्या रेडिओवर साधारण दर सेकंदाला ‘टक्’ असा ऐकू येतो. विजेच्या खांबावरील तडकलेला किंवा धुळीने माखलेला चिनी मातीचा इन्सुलेटरही सतत चरचर निर्माण करतो. हा सारा गोंगाट नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतो आणि घरातील वायरिंग त्याचा अँटेना बनते.

तो शोधायला सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवावा आणि आवाज वाढवावा. मग घराचा मेन स्विच बंद करावा. खरखर एकदम उतरली तर चोर घरातच आहे. पुन्हा मेन चालू करून एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करत गेले की तो सापडतो. सापडलेले उपकरण बदलावे, ऐकताना बंद ठेवावे किंवा त्याच्या वायरवर फेराइटचा क्लिप बसवावा. मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली, तर ती शेजारून किंवा खांबावरून येते. खांबावरील चरचरीची तक्रार महावितरणकडेच करावी, स्वतः खांबाला हात लावू नये.

रेडिओ कुठे ठेवावा, कसा फिरवावा?

सिमेंटच्या स्लॅबमधील सळया आणि पत्र्याचे छप्पर मध्यम लहरी अडवतात. त्यामुळे मधल्या खोलीतील कपाटावर ठेवलेला संच नैर्ऋत्येकडील खिडकीत किंवा ओट्यावर आणला तरी फरक पडतो. टीव्ही, फ्रिज आणि मीटरच्या पेटीपासून तो दूर असावा. शक्यतो सेलवर किंवा बॅटरीवर चालवावा, कारण चार्जरची वायरच गोंगाट आत आणते.

बहुतेक संचांत मध्यम लहरींसाठी आत फेराइटचा दांडा असतो. बाहेर दिसणारी लांब काडी एफएम किंवा शॉर्टवेव्हसाठी असते, ती ओढून मीडियम वेव्ह सुधारत नाही. फेराइटचा दांडा केंद्राच्या दिशेला आडवा, म्हणजे काटकोनात असताना लहर सर्वाधिक पकडतो. त्याचे टोक केंद्राकडे असेल तर जवळपास काहीच पकडत नाही. दांडा बहुधा संचाच्या लांबीला समांतर असतो. म्हणून पुण्यासाठी संचाचा दर्शनी किंवा मागील भाग नैर्ऋत्येकडे करून ठेवावा आणि मग थोडा थोडा फिरवून पाहावा. कधी केंद्र किंचित कमी मिळाले तरी चालते, पण दांड्याचे टोक गोंगाटाच्या बाजूला वळवले की तो गोंगाट जवळपास नाहीसा होतो. डिजिटल संच नवी स्थिती ओळखायला काही सेकंद घेतो, म्हणून प्रत्येक वेळी फिरवल्यावर थोडे थांबावे.

घरी अँटेना करायचा असेल तर?

एवढे करूनही आवाज तुटत असेल, तर लूप अँटेना हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय. लाकडी पट्ट्यांचा ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी सांगाडा करावा. त्यावर प्लास्टिकचे आवरण असलेल्या बारीक तांब्याच्या वायरीचे १२ वेढे, दोन वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून गुंडाळावेत. त्यासाठी साधारण ३० मीटर वायर लागते. वायरीची दोन टोके जुन्या रेडिओतील ५०० पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला जोडावीत. रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत किंवा भंगारातील संचात तो मिळतो. मध्यम लहरींचा बहुतेक पट्टा या जोडणीत येतो आणि पुण्याचे ७९२ साधारण त्याच्या मधल्या भागात लागते.

या लूपला वीज लागत नाही, रेडिओशी वायरही जोडावी लागत नाही. चौकट उभी ठेवून तिची कड पुण्याकडे करावी. संच चौकटीच्या मध्याजवळ असा ठेवावा, की त्याचा फेराइट दांडा चौकटीच्या आरपार जाईल. मग कंडेन्सर हळूहळू फिरवावा. डिजिटल प्रसारण जुन्याच्या शेजारच्या पट्ट्यात असते, म्हणून जुन्या आवाजावर जुळवून थांबू नये. संचाच्या पडद्यावर लहरीच्या दर्जाचा आकडा दिसत असेल तर तो सर्वाधिक होईल तिथे थांबावे. लूप फारच अचूक जुळला तर १० किलोहर्ट्झच्या पट्ट्याच्या कडा दबतात, अशा वेळी संच चौकटीपासून वीतभर दूर सरकवावा.

लांब तार किंवा बूस्टर चालेल का?

संचाला बाहेरच्या अँटेनाची जागा असेल तर घरापासून दूर नेलेली दहा-पंधरा मीटरची तार उपयोगी पडते. मात्र ती घराच्या भिंतीला चिकटून नेली तर लहरीसोबत गोंगाटही पकडते. बूस्टरचेही तसेच. तो लहर आणि गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढवतो, त्यामुळे दोघांमधील फरक जिथल्या तिथे राहतो. गोंगाट असलेल्या घरात बूस्टर लावणे म्हणजे खरखर मोठी करणे.

तार लावताना दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. ती विजेच्या तारेवरून, खालून किंवा तुटली तर तिला लागेल इतक्या जवळून नेऊ नये. वळवाच्या ढगांचा गडगडाट सुरू होण्यापूर्वी ती संचातून काढून बाहेरच अर्थिंगला जोडावी. खिडकीतील लूपला यातला बराच धोका नाही.

रात्री वेगळे का होते?

दिवसा वातावरणाचा एक वरचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगतची लहरच पोहोचते. सूर्यास्तानंतर हे शोषण थांबते आणि दूरदूरची केंद्रे आकाशातून परावर्तित होऊन येतात. ती पुण्याच्या लहरीत मिसळतात. पुण्याची स्वतःची लहरही दोन वाटांनी येऊन कमी-जास्त होते. दुपारी नीट लागलेला डिजिटल आवाज रात्री तुटला तर अँटेना बिघडला असे समजू नये. लूप थोडा फिरवून नको असलेले केंद्र दाबता येते का, ते पाहावे.

संच नसेल तर दुसरा मार्ग कोणता?

दूरदर्शनच्या मोफत ‘डीडी फ्री डिश’वर टीव्हीसोबत आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या डिजिटल स्वरूपात मिळतात. घरात फ्री डिश असेल तर नवा संच लागत नाही. जीसॅट-१५ हा तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. घोडेगावातून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश उंचीवर येतो. वाऱ्याने छत्री किंचित हलली तरी वाहिन्या जातात, म्हणून नटबोल्ट घट्ट असावेत. मुसळधार पावसात हा मार्ग काही काळ बंद पडतो आणि टीव्हीसाठी वीज लागते. म्हणजे इशाऱ्याची गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो कमी पडू शकतो. अहिल्यानगर केंद्राचे १००.१ मेगाहर्ट्झवरील एफएम डिजिटल नाही, पण सेलवरच्या साध्या संचावर ऐकू येते. त्यामुळे वादळात तो आधार हाताशी असावा.

पुढे काय?

खासगी एफएम केंद्रांना डिजिटल प्रसारण सुरू करता यावे, यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ऑक्टोबर २०२५ मध्ये शिफारशी केल्या. त्यांत सुरुवातीला १३ मोठी शहरे आहेत. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि नागपूर त्यांत येतात. एफएमचा पल्ला मर्यादित असल्याने त्या सुधारणेचा लाभ घोडेगावसारख्या गावांना लगेच होणार नाही. इथल्या घरांसाठी डिजिटल रेडिओ म्हणजे अजून तरी आकाशवाणीच्या मध्यम लहरीच. त्या ऐकण्यासाठी आधी मेन स्विचची चाचणी, मग संचाची जागा आणि दिशा, त्यानंतर घरगुती लूप, आणि हे सारे अपुरे पडले तरच विकतचा अँटेना, हा क्रम खिशालाही परवडणारा आहे.