नॅसचा लाल दिवा लागला! दोष शोधायचा कसा?

पीएचडीला लागण्याआधी मला वाटायचं, डेटा मिळवणं अवघड आणि तो सांभाळणं सोपं. एका जुलैत हा समज चांगलाच उतरला.

माझं काम कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर आहे. किती पाऊस पडला की माती किती भिजते, हे मोजायचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर हे मोजायचं कशासाठी, असं इथे कुणी विचारत नाही. एका पावसाळ्याच्या नोंदी हरवल्या तर त्या परत मोजता येत नाहीत. पुढचा पावसाळा वेगळा असतो.

सेन्सरच्या फाइली आणि ड्रोनचे फोटो मिळून सुमारे ४ टीबी डेटा कर्जतच्या खोलीत एका नॅसवर होता. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा. माझ्या डब्यात ५ खाने, त्यातल्या चारांत २ टीबीच्या डिस्क, आणि मांडणी रेड-५ ची. म्हणजे एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिन्हींवरून तिच्यातला डेटा पुन्हा तयार करता येतो. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून ही कल्पना मांडली.

एका संध्याकाळी वीज तीन-चारदा गेली-आली आणि डबा बीप करायला लागला. तिसऱ्या खान्याचा दिवा लाल. स्क्रीनवर ‘डिग्रेडेड’.

पहिलं काम: काहीच न बदलणं

हात शिवशिवतात. रीस्टार्ट करू, डिस्क काढून परत घालू, नवी डिस्क टाकून रीबिल्ड लावू. थांबा. रीबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्यातली एखादी तेव्हाच गेली, तर रेड-५ मध्ये दुसऱ्या डिस्कची चूक माफ नाही. म्हणून आधी लॉग उतरवून घ्या, मग डेटाची प्रत काढा, दुरुस्ती त्यानंतर.

मी लॅपटॉपला बाहेरची डिस्क लावून कॉपी सुरू केली. वेग सेकंदाला ११ एमबी! या हिशेबाने ४ टीबीला चार दिवसांहून जास्त लागणार. पण हा ११ चा आकडा ओळखीचा हवा. गिगाबिट लॅनवर साधारण ११० मिळतात. ११ म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली की जोडणी बऱ्याचदा बंद न पडता हळू होते. केबल बदलली, काम दहा-अकरा तासांत झालं. हा दोष आधीपासूनच होता. ‘नॅस जरा स्लो आहे’ म्हणून मी महिनाभर दुर्लक्ष केलं होतं.

डिस्क खराब की वाट खराब?

आता लाल दिव्याकडे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्यातल्या चार ओळी आधी बघा:

- ५: खराब म्हणून बदललेले सेक्टर
- १९७: वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर
- १९८: वाचताच न आलेले सेक्टर
- १९९: डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला डेटा

पहिल्या तीन वाढत असतील तर संशय डिस्कवर. फक्त १९९ वाढत असेल तर संशय केबल, कनेक्टर किंवा खान्यावर. माझ्याकडे ५, १९७, १९८ शून्य होत्या आणि १९९ वाढलेली. १९९ चा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा आज वाढतोय का, हे पाहायचं.

संशयाची परीक्षा

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डबा बंद करून ती डिस्क काढली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर लांबलचक टेस्ट लावली. पास. १९९ जागच्या जागी. मग तीच डिस्क पाचव्या, रिकाम्या खान्यात घालून रीबिल्ड केलं. पूर्ण झालं, १९९ तरीही हललं नाही. डिस्क तीच, खाना वेगळा, चूक गायब. टॉर्च मारून पाहिलं, तर तिसऱ्या खान्याच्या कनेक्टरवर हिरवट थर चढला होता. पावसाळाभर खिडकीखाली डबा ठेवल्याचं फळ.

तरी एक सावधगिरी. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दिसली नव्हती. म्हणजे स्मार्टमध्ये वाईट दिसलं तर विश्वास ठेवा, चांगलं दिसलं तर निर्धास्त होऊ नका.

आता मी काय करते

डबा खिडकीपासून दूर आहे. यूपीएस नॅसला यूएसबीने जोडलाय, त्यामुळे बॅटरी उतरायच्या आत डबा स्वतःहून नीट बंद होतो. डेटाची एक प्रत खोपोलीत असते. कर्जत उल्हासच्या काठी, खोपोली पाताळगंगेच्या. एकाच पाण्यात दोन्ही प्रती जाऊ नयेत एवढाच हेतू. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे पाठ करा. चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच इमानदारीने सगळ्या डिस्कवरून पुसतो.

आणि एक वही ठेवा: तारीख, वेळ, काय दिसलं, काय बदललं, पुढे काय झालं. माझ्या वहीत वीज गेल्याची वेळ होती, लॉगमध्ये चुकांची. शेजारी ठेवून पाहिलं तर चुका वीज जाण्याच्या दोन दिवस आधीच सुरू झाल्या होत्या. वही नसती तर मी आजही विजेलाच दोष देत बसले असते.

तुमच्या नॅसचं स्मार्ट शेवटचं कधी पाहिलंत? आज रात्री पाहा, आणि चारही आकडे वहीत लिहून ठेवा.