तळघरातील तीन झाडे

निवृत्तीनंतर जडलेल्या एखाद्या छंदाविषयी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे संपादकांनी सुचविले तेव्हा मी काही काळ संकोचलो. आमच्या मित्रमंडळींपैकी कुणी गुलाबाची कलमे करतात, कुणी सतार शिकतात, कुणी नर्मदा परिक्रमेची तयारी करतात. मी मात्र आयुष्यात एकदाच बागकाम केले आणि ती बाग होती गांजाची.

वाचकांनी दचकू नये. ही बाग इंदुरात नव्हती. कॅनडातील ओंटारियो प्रांतात, किचनर या गावी, माझ्या थोरल्या बहिणीच्या घराच्या तळघरात ती होती आणि तेथील कायद्याला धरून होती. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार विनापरवाना या झाडाची लागवड हा गंभीर गुन्हा आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला आणि ओंटारियोत एका घरात चार झाडांपर्यंत लावण्याची प्रौढांना मुभा मिळाली. तेव्हा हा अनुभव तेथलाच समजून वाचावा. इकडे त्याचे अनुकरण करू नये.

ताई लग्नानंतर १९७४ साली तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरपासून केमोथेरपी सुरू झाली. मेहुणे आता नाहीत, मुलगी दूर व्हँकूव्हरला. ऑक्टोबरात मी मेतकूट आणि लसणाची चटणी घेऊन तिच्याकडे पोहोचलो. दुसऱ्याच दिवशी ती मला तळघरात घेऊन गेली. तेथे एक लांबट खोके पडले होते. त्यात चार फूट लांब, दोन फूट रुंद असा काळ्या कापडाचा तंबू, एलईडी दिवा, छोटा पंखा आणि वास शोषणारा कार्बन फिल्टर असा सगळा सरंजाम होता. शेजारी परवानाधारक दुकानातून आणलेली चार बियांची पुडी.

“माझी बोटं ऐकत नाहीत रे,” ताई म्हणाली. “बी चिमटीत धरता येत नाही. तू एवढं करून दे.”

केमोथेरपीने तिच्या बोटांच्या टोकांची संवेदना गेली होती हे मला ठाऊक होते. तरी माझ्या तोंडून निघाले, “ताई, या वयात गांजा? लोक काय म्हणतील?” ती काही बोलली नाही. कठडा धरून हळूहळू जिना चढून वर गेली. त्या वेळी मला त्या न बोलण्याचा अर्थ कळला नाही.

अखेर मी तयार झालो. एक तर तिच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. माती आणि तिच्यातील बुरशी यांपासून तिला दूर ठेवणे आवश्यक होते. मी नकार दिला असता तर तिने स्वतःच मातीत हात घातला असता. दुसरे म्हणजे, साऱ्या हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना घरात काहीतरी उगवताना पाहायचे आहे, असे ती म्हणाली होती. तिला मळमळीचा त्रास होताच. परंतु या दुसऱ्या कारणाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बिया ‘ऑटोफ्लॉवर’ जातीच्या होत्या. सामान्य गांजाचे झाड रात्र मोठी होऊ लागली की फुलावर येते. घरात लावले तर त्याला बारा तासांचा अखंड अंधार द्यावा लागतो. ऑटोफ्लॉवर जातीत रशियाकडील ‘रुडेरालिस’ या ठेंगण्या रानटी वाणाचा संकर असतो. तेथील उन्हाळा इतका आखूड, की दिवसरात्रीचा हिशेब करीत बसण्यास झाडाला सवड नाही. ते वयानेच फुलते. बी रुजल्यापासून महिन्याभरात कळ्या आणि अडीच-तीन महिन्यांत सारा कारभार आटोपतो. दिवा रोज अठरा तास चालू ठेवला तरी चालते. नवशिक्याला हे वाण सोपे, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आयुष्य इतके आखूड असल्यामुळे या झाडाला आपल्या चुकांतून सावरण्यास वेळ मिळत नाही, हा उरलेला अर्धा भाग मी अनुभवाने शिकलो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओल्या कागदी रुमालात बिया ठेवल्या. चारांपैकी तीन रुजल्या. हे वाण वारंवार कुंडी बदलणे सहन करीत नाही, म्हणून पहिल्यापासूनच कापडी कुंड्यांत लावली. येथवर ठीक. पुढे माझ्यातील डॉक्टर जागा झाला. भूलतज्ज्ञ म्हणून चाळीस वर्षे शिरेतून द्रव देण्याची सवय. रोप जरा मान टाकते असे दिसले की मी पाणी घाली. पाने अधिकच लोंबू लागली. ताईने खुर्चीवरून पाहून सांगितले, “अरे, त्याला तहान नाही, ते बुडतंय. कुंडी उचलून बघ. हलकी लागली तरच पाणी.” मुळांनाही प्राणवायू लागतो, ही गोष्ट आयुष्यभर प्राणवायूचा व्यवसाय केलेल्या माणसाला शाळेतील शिक्षिकेने शिकवावी लागली! ओल्या मातीमुळे बारीक काळी चिलटे झाली, ती पिवळ्या चिकट कागदांवर धरावी लागली.

मग खत. डबीवरील प्रमाण पूर्ण दिले आणि चार दिवसांत पानांची टोके करपली. नंतर पाव प्रमाणावर आलो. किचनरचे पाणी भूगर्भातील आणि अतिशय कठीण. किटलीत पांढरे थर बसतात. त्या पाण्याचा पीएच उतरवून सहाच्या जवळपास आणल्यावर पानांचा पिवळेपणा थांबला. रक्तातील आम्लता दुसऱ्या दशांशापर्यंत मोजणाऱ्या मला कुंडीतील आम्लता मोजण्याचे सुचू नये, याची गंमत वाटली. एका झाडाची वाढ मात्र पहिल्या पंधरवड्यातील त्या पाण्यामुळे कायमची खुंटली. ते वीतभर उंचीवरच फुलले.

तिसाव्या दिवसाच्या सुमारास फांद्यांच्या बेचक्यांत बारीक पांढरे केसर दिसू लागले. ताई रोज संध्याकाळी खाली येई, तंबूची चेन मी उघडी आणि ती नाकावर मास्क लावून दुरून पाही. त्या उजेडात आमच्या गप्पा होत. मी तिला या झाडाची कुळकथा सांगे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये धनुर्वात, पटकी, संधिवात यांवरील गांजाचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि आपल्याकडची ही भांग पाश्चात्त्य वैद्यकात गेली. १९६४ साली इस्रायलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी टीएचसी वेगळे काढले. पुढे १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत, मेंदू स्वतः तयार करीत असलेले तत्सम द्रव्य सापडले तेव्हा त्याला संस्कृतातील ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ नाव मिळाले. ताई हसून म्हणे, “म्हणजे आपलंच झाड, आणि आपलाच शब्द.”

डिसेंबरच्या मध्यास तिच्या नाकातून रक्त आले. वर्षापूर्वी हृदयाची झडप बदलल्यामुळे ती वॉरफरिन घेत असे आणि आयएनआर ४.८ निघाला. डोस कमी केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा ४.६. केमोथेरपी, खालावलेला आहार, प्रतिजैविके, सारी कारणे तिच्या डॉक्टरांनी तपासली, मीही मनाशी तपासली. प्लेटलेट कमी असताना असा आयएनआर म्हणजे केवढा धोका, हे येथील वाचकांना सांगावयास नको.

त्या संध्याकाळी तंबूसमोर मी तिला विचारले, “ताई, आणखी काही घेतेस का? काहीही?”

बराच वेळ ती झाडांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “झोपेसाठी तेलाचे थेंब घेते. त्याच दुकानातले. दोन महिने झाले.”

बाटली आणून पाहिली. सीबीडीचे तेल. नशा न आणणारे, म्हणून निरुपद्रवी समजले जाणारे. परंतु वॉरफरिनचा निचरा करणाऱ्या यकृतातील विकराला सीबीडी अडवते आणि आयएनआर वाढू शकतो. झोप येईना तसे ताईने थेंब वाढविले होते.

“डॉक्टरांना का नाही सांगितलंस? मला तरी?”

“तू बोललास ना पहिल्या दिवशी, या वयात गांजा म्हणून? तेही तसंच बोलतील असं वाटलं.”

वाचकहो, मला एकदम इंदूर आठवले. रंगपंचमीची गेर निघालेली, शहर गुलालात न्हालेले आणि संध्याकाळी टेबलावर एक तरुण, हात मोडलेला. भूल देताना त्याच्या नाडीचे ठोके दीडशेच्या पुढे गेले, नेहमीच्या मात्रेत तो झोपेना. कारण सापडत नव्हते. शस्त्रक्रिया कशीबशी निभावल्यावर बाहेर त्याच्या वडिलांनी खालमानेने सांगितले, ठंडाईतून भांग झाली होती. मी सर्वांदेखत त्यांना फैलावर घेतले, “आधी सांगायला काय झालं होतं?” मला तेव्हा तो संताप रास्त वाटला होता. तपासणीच्या वेळी मी दारू विचारली होती, तंबाखू विचारला होता, तोही अशा स्वरात, की ‘नाही’ हेच उत्तर यावे. भांग तर विचारलीच नव्हती. ज्या शहरात परवान्याच्या दुकानातून भांग मिळत आली, तेथे चाळीस वर्षे मी तो प्रश्न टाळला आणि दोष रुग्णांच्या माथी मारला.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी बाटली घेऊन रुग्णालयात गेलो. तेथील औषधतज्ज्ञ बाई तरुण होत्या. त्यांनी भुवईही उंचावली नाही. किती थेंब, कोणत्या वेळी, कधीपासून, एवढेच विचारून लिहून घेतले आणि म्हणाल्या, बरे झाले सांगितलेत. तेल बंद झाले. दर आठवड्याला तपासणी करीत वॉरफरिन पुन्हा वाढवावे लागले आणि जानेवारीअखेर आयएनआर ३ च्या आसपास स्थिरावला. मळमळीसाठी कर्करोगतज्ज्ञांनी नॅबिलोन दिले. टीएचसीच्या धर्तीवर तयार केलेले हे औषध मोजलेल्या मात्रेत कॅप्सूलमधून मिळते. तिला त्याने बरे वाटले. संपूर्ण नव्हे, परंतु दोन घास जाऊ लागले. बोटांचा बधिरपणा मात्र तसाच राहिला.

जानेवारीच्या शेवटी भिंगातून फुलांवरील राळेच्या सूक्ष्म ग्रंथी काचेसारख्या पारदर्शक न राहता दुधाळ झालेल्या दिसल्या. मी फांद्या कापल्या, दहा दिवस अंधारात टांगून सुकविल्या आणि काचेच्या बरण्यांत भरल्या. तिन्ही झाडांची मिळून सत्तर ग्रॅम फुले झाली. त्यांत टीएचसी किती, हे घरी कळण्यास मार्ग नव्हता. आणि मात्रा ठाऊक नसलेले औषध वॉरफरिन घेणाऱ्या बहिणीला देण्यास मी राजी नव्हतो. आश्चर्य म्हणजे ताईनेही मागितले नाही. बरणी तिने कुलपात ठेवली. “मला बाग हवी होती, ती झाली,” एवढेच म्हणाली. खुंटलेल्या त्या वीतभर झाडाचा फोटो तिने मुलीला पाठविला, मोठ्या झाडांचा नाही.

मार्चमध्ये परतलो. आठवड्यातून दोन दिवस मी अजून एका छोट्या रुग्णालयात जातो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०२३ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णास गांजाच्या सेवनाविषयी विचारावे, अशी शिफारस केली. ती मी तिकडे जाण्यापूर्वीच वाचली होती आणि ‘आपल्याकडे गरज नाही’ म्हणून बाजूला ठेवली होती. आता चहा किती वेळा घेता, याच स्वरात मी विचारतो, “भांग घेता का? शेवटची कधी घेतली?”

२०२४ च्या रंगपंचमीनंतर दुसऱ्या दिवशी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी एक गृहस्थ आले. नाडी १२०. मी विचारले. त्यांनी पत्नीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “साहेब, आज सकाळीच. उतारा म्हणून थोडी.”

“बरे झाले सांगितलेत,” मी म्हणालो आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली. रात्री ताईला फोन करून हे सांगितले. ती म्हणाली, “पाणी कमी घालायला शिकलास म्हणायचं.”