अडीच टक्क्यांची मोटार

पंधरा हॉर्सपॉवरची, म्हणजे ११ किलोवॉटची, चार पोलची मोटार बहुतेक कारखान्यांत सापडते. ८८.४ टक्के कार्यक्षमतेची अशी मोटार वर्षात सहा हजार तास पूर्ण भारावर चालली, तर सुमारे ७४,६०० युनिट वीज खाते. ९१ टक्क्यांची मोटार तेच काम साडेबहात्तर हजारांत उरकते. आठ रुपये युनिट धरलं तरी वर्षाला सतरा हजारांची बचत होते, आणि मोटार चालते पंधरा-वीस वर्षं.

यात गुपित काही नाही. स्लॉटमध्ये तांबं जास्त भरलं की वाइंडिंग कमी तापतं. स्टॅम्पिंगचा पत्रा पातळ आणि चांगल्या प्रतीचा घेतला की लोखंडात वाया जाणारी वीज घटते. मोटार थंड राहिली की मागचा पंखाही लहान चालतो. फक्त हे सगळं महाग पडतं.

आणि इथेच घोडं अडतं. मोटार विकत घेणारा बहुधा पंप किंवा कॉम्प्रेसर बनवणारा असतो. बिल भरतो त्याचं गिऱ्हाईक. कारखान्यातही खरेदी खात्याची शाबासकी स्वस्त मोटारीला, विजेचा भुर्दंड मात्र दुसऱ्याच खात्यावर.

ही कोंडी फोडण्यासाठी १९९८मध्ये युरोपीय आयोगाने ‘सेमेप’ या मोटार उत्पादकांच्या संघटनेशी करार केला. कायदा नाही, दंड नाही. मोटारींचे ‘ईएफएफ १’, ‘२’ आणि ‘३’ असे तीन वर्ग पाडायचे, नेमप्लेटवर छापायचे आणि २००३पर्यंत सगळ्यात उधळ्या तिसऱ्या वर्गाची विक्री निम्म्यावर आणायची, एवढंच ठरलं. वर सांगितलेले ८८.४ आणि ९१ हे आकडे या प्रतवारीतल्या दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाच्या उंबरठ्यांचेच. तिसरा वर्ग ठरल्यापेक्षा लवकर बाजारातून हटला. पण गिऱ्हाईक दुसऱ्या वर्गावरच थांबलं. अव्वल मोटारींचा वाटा लहानच राहिला. स्वखुशीच्या करारात उत्पादक खालचा माल बंद करू शकतो, वरचा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू शकत नाही. अखेर १६ जून २०११पासून युरोपाने कायद्यानेच ‘आयई २’ (साधारण जुन्या ‘ईएफएफ १’च्या तोडीची) ही किमान पातळी ठरवली.

मग स्वेच्छेच्या योजना फुकट गेल्या का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. २००३मध्ये युरोपात सुरू झालेल्या ‘मोटर चॅलेंज’ कार्यक्रमात भर होता तो मोटारीपेक्षा तिला जोडलेल्या सगळ्या यंत्रणेवर. भाग घेणाऱ्या कंपनीने आपल्या पंप, पंखे, कॉम्प्रेसर यांची मोजदाद करायची, कृती-आराखडा द्यायचा आणि केलेल्या कामाचा अहवाल पाठवायचा. मोबदला काय, तर जाहीर कौतुक. अशा मोजदादीत जे सापडतं ते नेमप्लेटवर दिसत नाही. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय आणि हवा जास्त होते म्हणून डॅम्पर अर्धा बंद! त्याऐवजी ड्राइव्ह बसवून वेग ८० टक्क्यांवर आणला, तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते आणि निम्म्यावर येते. अडीच टक्क्यांपुढे ही कमाई केवढी!

भारताने २००४च्या मानकात ‘ईएफएफ’चे वर्ग घेतले आणि २०१७मध्ये ‘आयई २’ सक्तीचं केलं. ही सक्ती नव्या मोटारींना. जळलेली जुनी मोटार मात्र आजही रिवाइंडिंगवाल्याकडे जाते. जुनं वाइंडिंग काढताना गाभा बेताबाहेर तापवला, तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि परत आलेली मोटार पूर्वीपेक्षा जास्त वीज खाऊ लागते.