संविधानावरील सह्या

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे संविधानाचे शिल्पकार, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पण त्याखाली सह्या किती, असे विचारले की ते एकमेकांकडे पाहतात. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. सदस्यांच्या सह्या मात्र २४ जानेवारी १९५० रोजी झाल्या. एकूण २८४ सदस्य. मेजावर तीन प्रती होत्या : हस्तलिखित इंग्रजी, छापील इंग्रजी आणि हस्तलिखित हिंदी. पंतप्रधान नेहरूंना लवकर जायचे असल्याने त्यांना प्रथम बोलावण्यात आले. काहींनी देवनागरीत सही केली. बँकेत आम्ही सहीचा नमुना ताडल्याशिवाय पैसे देत नाही, म्हणून ही पाने आम्हांला जरा जास्तच भावतात.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात, मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. या प्रांतातून डॉ. पंजाबराव देशमुख, नागपूरचे एच. जे. खांडेकर आदी सभेवर गेले. बाबासाहेब आधी बंगालमधून, फाळणीनंतर मुंबई प्रांतातून निवडून आले. त्याच बाबासाहेबांना १९५४ साली भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत आपल्या मतदारांनी हरविले. त्या मतदारयादीत आपल्या गरीब आजोबांची नावे आली होती, ती मात्र या संविधानामुळेच.