अठ्ठावीस दिवसांचा महिना
मोबाइलचे दर का बदलतात आणि ग्राहकाने काय करावे

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचे बाजारहाटाचे गाव. दसरा-दिवाळी झाली की या परिसरातील अनेक जोडपी कोयता घेऊन ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. या दोन टोकांना जोडणारी वस्तू एकच, ती म्हणजे आजोबांच्या बंडीच्या खिशातील बटणांचा मोबाइल. फोन बहुधा तिकडूनच येतो. दिवसभराची तोड आटोपून माणसे कोपीवर परतली म्हणजे.

अशा एखाद्या आजोबांना मोबाइलच्या दुकानात रिचार्ज करताना पाहावे. "मी कुणाला फोन लावतच नाही, लेकराचा येतो तेवढाच. त्याचे दोनशे रुपये कशाचे रे?" हा त्यांचा प्रश्न असतो. "आबा, कंपनीनं वाढवलंय, मी काय करू?" असे म्हणून दुकानदार पोरगा मोकळा होतो. उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. दर कोण वाढवितो, त्याला तो अधिकार कोणी दिला, त्यावर कोणाचे बंधन आहे किंवा नाही, आणि आबांना काही पर्याय आहे काय, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आकार पडत असे, आणि गंमत अशी की आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. ग्रामीण भागास ही चैन परवडणारी नव्हती. तेथे एस.टी.डी. बूथसमोर रांगा लागत. १९९७ च्या कायद्यान्वये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे 'ट्राय' स्थापन झाले. २००३ पासून 'फोन करील तो पैसे भरील' हे तत्त्व लागू झाले आणि येणारे फोन मोफत झाले. खेडोपाडी मोबाइल पोहोचला तो या एका बदलामुळे, असे म्हणण्यास हरकत नाही. केवळ येणाऱ्या फोनसाठी हातसंच बाळगणे गरिबालाही परवडू लागले.

पुढे २००५-०६ च्या सुमारास कंपन्यांनी 'लाइफटाइम' योजना आणल्या. एकदाच ९९९ रुपये भरा आणि कायमचे फोन घ्या, अशी ती जाहिरात होती. 'लाइफटाइम' म्हणजे ग्राहकाचे आयुष्य नव्हे, तर कंपनीच्या परवान्याचे, हे प्राधिकरणास त्या वेळी स्पष्ट करावे लागले! ही कार्डे ज्यांनी घेतली, त्यांना २०१८ च्या अखेरीस पहिला धक्का बसला. दोन मोठ्या कंपन्यांनी फोन चालू ठेवण्यासाठी दर २८ दिवसांस किमान ३५ रुपयांचे रिचार्ज आवश्यक केले. खात्यात पैसे असूनही सेवा बंद होण्याचे संदेश लोकांस येऊ लागले. पुरेशी शिल्लक असलेल्या ग्राहकांची सेवा तोडू नये, असे प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपन्यांस कळविले. परंतु किमान रिचार्जची पद्धत मात्र रुजली ती रुजलीच. ३५ रुपयांचा हा आकडा जुलै २०२४ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांच्या बाबतीत १९९ वर पोहोचला. आबांच्या तक्रारीचे मूळ येथे आहे.

हे का घडले? सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने सेवा सुरू केली आणि पहिले काही महिने ती विनामूल्य दिली. दरांची मोठी लढाई झाली. तीत अनेक कंपन्या बंद पडल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या. आता खासगी क्षेत्रात तीन आणि सरकारी क्षेत्रात भारत संचार निगम, एवढाच काय तो निवडीस वाव उरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये परवाना शुल्काच्या हिशेबाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरुद्ध गेला आणि जुन्या कंपन्यांवर थकबाकीचा मोठा बोजा आला. ध्वनिलहरींच्या लिलावाची रक्कम, ५-जी यंत्रणेची उभारणी हे खर्च होतेच. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी त्यातून झाल्या. दर ग्राहकामागे मासिक सरासरी उत्पन्न ३०० रुपयांच्या वर गेल्याखेरीज हा व्यवसाय सुदृढ राहणार नाही, असे एअरटेलने २०२४ च्या दरवाढीच्या वेळी जाहीरपणे सांगितले.

कंपन्यांची बाजू अगदीच निराधार नाही. २०१४ मध्ये एका जीबीमागे सुमारे २६९ रुपये पडत. पुढे तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. चित्रफिती पाहणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने मोबाइल स्वस्तच झाला आहे. परंतु ज्यांच्या हातसंचावर चित्रफीत दिसतच नाही, त्यांना या स्वस्ताईचा उपयोग कोणता? १९९ रुपयांच्या पॅकमध्ये २ जीबी इंटरनेट बांधलेले असे, आणि ते आबांच्या बटणांच्या फोनला उपयोगी पडत नसे. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेतील अर्थसाहाय्य २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. त्यातील सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी रक्कम फोन नुसता जिवंत ठेवण्यासाठी जावी, ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

महिन्याचा हिशेब

दर जितका वाढला, त्याहून ग्राहकाला अधिक बोचते ते मोजमाप. दूध लिटरने आणि कापड मीटरने मिळते, त्यात फरक होत नाही. मोबाइलचा महिना मात्र २८ दिवसांचा! वर्षाच्या ३६५ दिवसांत असे बारा नव्हे, तर तेरा महिने बसतात. १९९ रुपयांचे तेरा रिचार्ज म्हणजे वर्षाला २,५८७ रुपये. जिओचा दररोज दीड जीबी देणारा २८ दिवसांचा पॅक जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. साठ रुपयांची वाढ कानाला फारशी वाटत नाही. पण तेराने गुणले की ती ७८० रुपये होते. पगार, पेन्शन, अनुदान सारे महिन्याला एकदा येते, आणि रिचार्जची तारीख मात्र दर खेपेस दोन-तीन दिवस मागे सरकत जाते.

या तक्रारी प्राधिकरणाकडे पोहोचल्या होत्या. २७ जानेवारी २०२२ च्या आदेशान्वये प्रत्येक कंपनीने ३० दिवस मुदतीचा, तसेच दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारा, असा प्रत्येक प्रकारचा किमान एक पर्याय ठेवणे बंधनकारक झाले. दुकानदार तो आपणहून सांगेलच असे नाही, म्हणून तो मागून घ्यावा.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची सुधारणा २३ डिसेंबर २०२४ ची. इंटरनेटची गरज नसलेल्यांसाठी केवळ बोलणे व संदेश यांचे स्वतंत्र पॅक ठेवावेत, असे त्यान्वये ठरले. विशेष पॅकची कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवसांवर नेण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे पॅक जाहीर केले. एअरटेलचे त्या वेळचे दर ८४ दिवसांस ४६९ रुपये आणि ३६५ दिवसांस १,८४९ रुपये असे होते. दिवसाचा हिशेब मांडला तर १९९ च्या पॅकमध्ये ७ रुपये ११ पैसे, ४६९ च्या पॅकमध्ये ५ रुपये ५८ पैसे आणि वर्षाच्या पॅकमध्ये ५ रुपये ७ पैसे पडतात. बटणांचा फोन वापरणाऱ्याने अशाच पॅकची चौकशी करावी, हे उघड आहे. मात्र यातही एक मेख आहे. स्वस्त दर मिळविण्यासाठी एकरकमी १,८४९ रुपये मोजावे लागतात, आणि ज्याच्या हाती महिन्याला १,५०० येतात त्याने ते आणावेत कोठून? केवळ बोलण्याचा २८ दिवसांचा पॅक द्यावा, असे या नियमात बंधन नाही. कारखान्याची उचल मिळते त्या वेळी मुलाने वडिलांच्या फोनचे ८४ दिवसांचे रिचार्ज करून जावे, एवढी वाट राहते.

दर ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी बराच गैरसमज आढळतो. सरकारने किंवा ट्रायने दर वाढविले, असे सर्रास बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की, देशांतर्गत रोमिंगसारख्या थोड्या बाबी वगळता मोबाइलचे दर ठरविण्याची मोकळीक प्राधिकरणाने कंपन्यांना दिलेली आहे. नवा दर अमलात आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तो प्राधिकरणास कळवावा, तो पारदर्शक असावा, एवढे बंधन आहे. स्पर्धा असली की दर आपोआप आटोक्यात राहतील, हे त्यामागील गृहीत. बारा कंपन्या असताना ते खरे ठरले होते. चार उरल्यावर ते तितकेच खरे राहते काय, याचा विचार आता व्हावयास हवा असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिवाय छापील दर न वाढविताही खर्च वाढविता येतो. स्वस्तातला पॅक यादीतून काढून घेतला की ग्राहक आपोआप वरच्या पायरीवर जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये एअरटेलने दररोज १ जीबी देणारा २४९ रुपयांचा पॅक बंद केला, तेव्हा असेच घडले.

मात्र एकदा पैसे भरून घेतलेल्या पॅकचे फायदे त्याची मुदत संपेपर्यंत कमी करता येत नाहीत. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून गाणी, भविष्य, क्रिकेटचे निकाल अशा सेवा सुरू करून पैसे कापता येत नाहीत. तसे घडल्यास १५५२२३ या क्रमांकावरून त्या बंद करता येतात.

कंपनी बदलताना

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध झाली. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर असंख्य ग्राहकांनी भारत संचार निगमकडे धाव घेतली. खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले, निगमचे वाढले. पण तो ओघ काही महिन्यांतच ओसरला. कारण साधे आहे. दर कमी असला तरी रेंज नसेल तर काय उपयोग? डोंगराळ भागात एका वस्तीवर मिळणारी रेंज ओढ्यापलीकडच्या वस्तीवर नाहीशी होते. म्हणून आधी शेजाऱ्याच्या फोनवर खात्री करून घ्यावी, फडावर जाणाऱ्याने तिकडचीही चौकशी करावी, आणि मगच १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात, आणि जुन्या खात्यातील उरलेली रक्कम बुडते, हेही ध्यानात असू द्यावे.

याहून मोठा धोका क्रमांक हातचा जाण्याचा आहे. सलग ९० दिवस वापर झाला नाही, तर कंपनी क्रमांक बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास त्यातून रक्कम वळती करून क्रमांकास ३० दिवसांची मुदतवाढ मिळते. त्यावर फोन येतीलच असे नव्हे. परंतु क्रमांक आपल्या नावावर राहतो. एकदा बंद झालेला क्रमांक पुढील ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणासही दिला जाऊ शकतो. बँक, आधार, शेतकऱ्यांच्या सन्मान निधीची नोंद, सारे त्याच क्रमांकाशी जोडलेले असते, आणि मग बँकेचा सांकेतिक क्रमांक परक्याच्या फोनवर जातो. रिचार्ज परवडत नाही म्हणून सिम फेकून देण्यापूर्वी बँकेत व आधार केंद्रात जाऊन नवा क्रमांक नोंदवावा. त्यात आळस करू नये.

पैसे विनाकारण कापले गेल्यास प्रथम १९८ वर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तो नसेल तर पुढे काही चालत नाही. समाधान न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते व त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. ट्राय व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही, तेव्हा दिल्लीस पत्रे पाठविण्यात वेळ दवडू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोबाइलच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, हा कंपन्यांचा जुना युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळून लावला. त्यामुळे नांदूरघाटच्या ग्राहकास बीड येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वादातील सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क पडत नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. रिचार्जचा संदेश फोनमधून पुसून टाकण्यापूर्वी त्याची तारीख व रक्कम नातवाकडून वहीत उतरवून घेतली, तर आयोगापुढे तो कागद कामी येतो.