चौकट किती भरलेली असावी?

संकेतस्थळ उभारण्यासाठी जी तयार चौकट मिळते तिला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात. ती किती भरलेली असावी, हा जुना वाद आहे. २००५ चे जँगो बहुतेक साहित्य सोबत देते. २०१० चे फ्लास्क थोडकेच देऊन निवड आपल्यावर सोडते. मुंबईत घडलेले मुक्तस्रोत ‘फ्रापे’ आणखी पुढे जाते. पुस्तक, सभासद यांचे रकाने एकदा सांगितले की तक्ता व अर्ज त्यातूनच तयार होतात. मात्र चाकोरीबाहेरचे काही हवे असल्यास झगडावे लागते.

तरीही पेडणे-डिचोलीतील छोट्या वाचनालयासाठी मी फ्रापेच निवडीन. रचना करणारा विद्यार्थी उद्या नोकरीसाठी गाव सोडतो. चाकोरी ठरलेली असली, तर मागून येणाऱ्याला त्याचे काम उलगडते. नाहीतर वाचनालय पुन्हा वहीवर येते.