प्रयोगशाळांचे वायुवीजन व उष्णतेची पुनःप्राप्ती

रासायनिक प्रयोगशाळेतील दूषित हवा पुन्हा आत खेळविणे धोक्याचे असते. ती बाहेरच टाकावी लागते. बाहेरचे तपमान ०° से. व आतील २०° से. असता, सेकंदास १ घनमीटर ताजी हवा तापविण्यास सुमारे २४ किलोवॉट शक्ती लागते, व तेवढीच उष्णता बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर वाया जाते. उष्णता शोषून घेणाऱ्या फिरत्या चाकाने तिचा मोठा भाग परत मिळतो. परंतु चाकाबरोबर किंचित दूषित हवाही आत येऊ शकते. म्हणून दोन्ही वायुमार्गांत नळ्यांची वेटोळी बसवून त्यांतून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण पंपाने फिरवितात. या रीतीत दोन्ही हवांचा परस्परांशी संपर्क येत नाही. निम्मी उष्णता परत मिळाली, तरी १२ किलोवॉटांची बचत होते. मात्र पंप व पंखे यांस लागणारी जादा वीज तीतून वजा करावयास हवी. प्राप्ती काहीशी कमी, परंतु सुरक्षितता अबाधित, हाच येथे निवडीचा निकष होय.